मनकर्णा चुकीच्या ग्रुपवर बोलली

गिरणीच्या ओट्यावर बाया जेवढं बोलतात तेवढं माहेरीसुद्धा बोलत नसतील. डबा लावायचा, नंबर येईपर्यंत टेकायचं आणि सुरू व्हायचं. सुनेचं, सासूचं, रेशनच्या मापाचं, कुणाच्या पोराला नोकरी लागली त्याचं. पाथर्डीच्या पुढं अकरा किलोमीटरवर माझी पिठाची गिरणी आहे आणि गेली सोळा वर्षं मी हे सगळं पट्ट्याच्या आवाजात ऐकत आलेय. पण दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ओटा ओस पडतो. मग चार-पाच महिने कोण बोलणार आणि कोण ऐकणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर ग्रुप काढला, ‘गिरणीवरच्या बाया’. कुणी नेवाशाकडं, कुणी कोल्हापुराकडं, कुणी पार कर्नाटकात, पण ग्रुपवर सगळ्या एका ओट्यावर.

नियम एकच. लिहायचं नाही, बोलायचं. निम्म्या बायांना अक्षर येत नाही, मग लिहून कुणाला शहाणपण दाखवायचं? हा नियम मीच केला आणि मीच मोडला, ते सांगायलाच बसलेय.

मनकर्णा ही त्या ग्रुपची खरी मालकीण. नावाला ॲडमिन मी, पण बाया थांबायच्या तिच्या आवाजाला. वय पन्नाशीच्या आतबाहेर, ऊस तोडायला लागून तीस हंगाम झाले असतील. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सकाळच्या न्याहारीला उसाच्या फडात बसली की बटण दाबून धरायची आणि सुरू व्हायची, “हां, ऐका गं बायांनो.” मग काहीही. श्रीरामपूरच्या फाटकात ट्रॅक्टर थांबला आणि आख्खी रेल्वे डब्यांसकट मोजली, त्याचा आनंद. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, नवरा गहिनीनाथ घोरतो आणि शेजारच्या कोपीतली माणसं तिलाच बोलतात, त्याची तक्रार. लग्नात डीजे लावणाऱ्याला नवरदेवासकट उसाच्या ट्रॉलीखाली बसवावं, हे मत. मत नाही अशी गोष्ट तिला ठाऊकच नाही. मला ती म्हणायची, “सुरेखा, तू दहावी शिकलीस म्हनून मोजून बोलतीस. आमाला कुठं मोजता येतंय.” मी चिडायचे, पण ऐकायचे.

तिला वाचता येत नसल्यामुळं ती ग्रुप ओळखायची फोटोवरून. आमच्या ग्रुपला गिरणीतल्या, धान्य ओतायच्या लाल कणग्याचा फोटो होता. लाल दिसलं की बोलायचं. टोळीचा एक ग्रुप होता, तो मुकादमाचा. वाल्मिक मुकादम, आमच्याच गावचा. हंगामाला निघताना टोळी मोहटादेवीला नारळ फोडून जाते, तेव्हा काढलेला देवीचा फोटो त्यानं टोळीच्या ग्रुपला लावला होता. त्या ग्रुपवर मनकर्णा कधी बोलत नसे. तिथं गाडीचे नंबर आणि कुठल्या फडात जायचं ते यायचं.

पौषातल्या पौर्णिमेला मी मोहट्याला गेले. दर्शन चांगलं झालं, मन भरून आलं, आणि परत येताना जीपमध्ये बसल्या बसल्या मी गिरणीच्या ग्रुपला देवीचा फोटो लावला. जीपमध्ये माणसं कोंबलेली, बोलायला लाज वाटली, म्हणून खाली लिहून टाकलं, ग्रुपचा फोटो बदलला आहे, सगळ्यांनी पाहावा. कुणी वाचलं कुणी नाही, मी विसरूनही गेले.

आता सुकन्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुकन्या माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची, चांगुणाची मुलगी. बावीस वर्षांची. तिचा नवरा अजिनाथ मनकर्णाच्याच टोळीत. तोडणीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. जोडीतलं एक माणूस बसलं की कोयता मोडला. सुकन्या सातवा महिना लागलेला असताना गेली आणि आता नववा भरत आला होता. मुकादमानं निघतानाच सांगितलं होतं, पोरीला वाकायला जमणार नसेल तर आत्ताच बोला, दुसरी जोडी घेतो. अजिनाथ जमतंय म्हणाला. सासू नाही, माहेरी कुणी नाही, घरी मागं कुणी नाही, पोरगी राहणार कुणाकडं?

माझ्याकडं राहिली असती. तिनं विचारलंही होतं. मी नाही म्हणाले. माझा नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो, घरात मी एकटी, एक खोली गिरणीची आणि एक राहायची. मी तिला म्हणाले, दिवसभर पीठ उडतं गं, तुला खोकला लागेल, पोटातल्याला चांगलं नाही. ती बरं म्हणाली आणि गेली.

पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळचे साडेदहा झाले असतील. बाजरीचा मोठा डबा लावलेला. मनकर्णाचा फोन आला. व्हॉइस नाही, फोन. आवाजात रुसवा होता.

“काय गं, एकीच्याबी तोंडातून शब्द न्हाई. मी येवढं बोलले, आन् सगळ्या गप.”

मी म्हणाले, “आक्का, आज तुमचं काहीच आलं नाही. मी वाटच बघतेय.”

“आलं न्हाई कसं? न्याहारीला बोलले की. देवीच्या फोटोवर. तूच लावलास ना देवीचा फोटो, आपल्या ग्रुपातली पंकजा म्हनली मला.”

मी पट्टा बंद केला. गिरणी बंद पडली की कानात कसं सुन्न होतं, तसं झालं.

“आक्का, नीट बघा. देवी एक दिसतेय का दोन?”

ती बघत होती. मागं कोयत्यांचे आवाज येत होते. “दोन हायत,” ती म्हणाली. “एक वर, एक खाली. मी वरच्या देवीवर बोलले.”

“ती मुकादमाची देवी आहे.”

सोळा वर्षांत मनकर्णाचा आवाज खाली आलेला मी ऐकला नव्हता. ती हळूच म्हणाली, “सुरेखा, मी सुकन्याचं बोलले त्यात.”

“काय बोललात?”

“सगळं. तिला आमी कसं लपवतो ते.”

तेव्हा मला कळलं. टोळीतल्या बायांनी सुकन्याची उसाची पात, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळी, आपसात वाटून घेतली होती. तिच्या मोळ्या मनकर्णा बांधायची, गाडी भरताना तिचं ओझं दुसऱ्या दोघी फळीवरून वर न्यायच्या. सुकन्या बांधाच्या कडेला पाचटाच्या ढिगाआड बसून वाढं बांधायची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या. मुकादमाची फटफटी वाजली की उठून कोयता हातात घ्यायची. दीड महिना असं चालवलं होतं. आता ते सगळं मनकर्णानं स्वतःच्या तोंडानं मुकादमाच्या ग्रुपवर सांगून ठेवलं होतं. त्यानं ऐकलं तर दोनच गोष्टी. एक तर पोरीला डोक्यावर मोळी घेऊन फळी चढायला लावणार, नाहीतर एसटीत बसवून गावी धाडणार, जिथं तिचं दार उघडायला कुणी नव्हतं.

“त्यानं ऐकलंय का?”

“न्हाई ऐकलं. आत्ताच कारखान्याकडं गेला, फटफटीवर. गडीमानसं गाडी भरायला रस्त्याला गेल्यात, त्येंचे मोबाईल कोपीत. पन गेटावर पोचला की ह्यो गाडीचा नंबर टाकतो बघ. अर्ध्या तासात पोचंल.”

“मग पुसून टाकू. सुकन्याला द्या फोन, तिला वाचता येतं.”

“तिला नको,” मनकर्णा पटकन म्हणाली. “तिच्या कानावर न्हाई घालायचं ते. तूच सांग, मी करते.”

का नको, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायला वेळ नव्हता. मी सांगायला लागले. स्पीकर लावा. त्या देवीवर जा. तुमचं बोलणं दिसतंय, लांब पट्टी? त्यावर बोट दाबून धरा, सोडू नका.

“धरलं.”

“वर कचऱ्याचा डबा आला?”

“आला.”

“डबा दाबा.”

“दाबला. तीन वळी आल्या, काय काय लिवलेल्या.”

मी माझ्या मोबाईलवर तसंच करून बघत होते. माझ्याकडं सगळ्यात वर ‘सर्वांसाठी हटवा’. मी म्हणाले, “सगळ्यात वरची ओळ दाबा.”

“दाबली.” मग श्वास सोडल्याचा आवाज. “गेलं गं. गेलं बघ. काय दिसत न्हाई.”

मी ओट्यावर बसले. मग कुठून सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, “आक्का, तिथं काही उरलंय का? बारीक गोल, त्याला तिरपी रेघ मारलेली, पुढं दोन शब्द?”

“न्हाई. सपाट झालं सगळं.”

सर्वांचं पुसलं की तिथं तशी खूण राहते. सपाट झालं म्हणजे फक्त तिच्या मोबाईलवरून गेलं. तिचा मोबाईल पोरानं वापरून दिलेला, आठ वर्षं जुना, त्यातल्या ओळींचा क्रम माझ्यापेक्षा वेगळा. वरची ओळ होती ‘माझ्यासाठी हटवा’. आता बाकीच्या सगळ्यांकडं ते बोलणं जसंच्या तसं होतं आणि पुसायला तिच्या हातात काही उरलं नव्हतं. पुसता आलं असतं ते फक्त मुकादमाला, तो त्या ग्रुपचा ॲडमिन.

“आक्का, चुकलं. माझं चुकलं.”

“पुन्यांदा दाबू का?”

“दाबायला काही राहिलंच नाही.”

मला वाटलं आता शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “बरं, मी तिच्याजवळ जाऊन बसते,” आणि फोन ठेवला.

पुढची चाळीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. गिरणी चालू केली आणि बाजरी इतकी जाडी काढली की डब्याची मालकीण नंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ग्रुपवर बाया आपल्या बोलत होत्या. पंकजाची शेळी व्याली, दोन्ही माद्या झाल्या, तिचा आनंद मावत नव्हता. दुसरी सांगत होती की कोपीत साप निघाला आणि नवरा तिच्या आधी बाहेर पळाला. सगळ्या हसत होत्या. कुणीतरी विचारलं, आज मनकर्णाआक्का कुठं गेली? मी देवीचा तो फोटो काढून परत कणग्याचा लावला. आता लावून काय उपयोग होता? माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि राग करायला माझ्याशिवाय कुणी सापडत नव्हतं.

सव्वाअकराला फोन वाजला. वाल्मिक मुकादम.

“ताई, तुमची भाची हाय न्हवं ती? अजिनाथची बायकू.”

“हो, भाऊ.”

“ऐकलं मी. दीड महिना माझ्या डोळ्यात धूळ टाकली बायांनी.” तो ओरडत नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली. “ताई, माझ्या फडात बाळातपण झालं आन् काय बरंवाईट झालं, तर सगळे माझ्या नरड्याला धरतील. मी तिला फडात ठिवनार न्हाई. उद्या दुपारपर्यंत घेऊन जावा, न्हाईतर मी तिला एसटीत बसवून देतो.”

“एकटीला? नववा महिना आहे भाऊ.”

“मग या न्यायला. तुमी सख्खी मावशी. मनकर्णाबाईनं तुमचंबी सांगितलंय त्यात. पाठवू का ऐकायला?”

“माझं काय?”

“ऐका तुमी.” आणि त्यानं ते पाठवलं.

मी गिरणी बंद केली, दार ओढून घेतलं आणि ऐकलं. मनकर्णा नेहमीसारखीच सुरू झाली होती. मग बोलणं सुकन्यावर आलं. तिच्या पायाला सूज आलीय, चपलेत पाय जात नाही. काल दुपारी पोटात कळ आली तर पाचटात आडवी झाली आणि तोंडात पदर कोंबून पडून राहिली, मुकादम बांधावर उभा होता म्हणून. आणि मग हे.

“सुरेखा, तू ऐकतीयास म्हनूनच बोलतीय. पाठीमागं बोलायची मला सवय न्हाई. मी पोरीला इचारलं, मावशीकडं का गं न्हाई राहिलीस? तर म्हनली, मावशीच्या घरी पीठ उडतं. आगं, पीठ उडतं म्हनून कुनी सातव्या महिन्याच्या पोरीला उसात धाडतं व्हय? हितं काय अत्तर उडतंय का? तुझ्या दोन खोल्या हायत. तिथं ती मावली असती. पोरगी तुझं नाव वाईट घेत न्हाई, पन मी घेनार. राग आला तर येऊ दे. बोलून टाकलं, आता माझं प्वाट हलकं झालं.”

नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. हे ती मला चाळीस बायांसमोर ऐकवणार होती. आणि त्यात पोरीचंच बोलणं होतं, म्हणूनच सुकन्याच्या हातात फोन देत नव्हती. रागानं मी दोनदा उठले, दोनदा बसले. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा राग संपला होता आणि मला रडू आलं.

पिठाचं मी खोटं बोलले होते. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. माझी बहीण चांगुणा दुसऱ्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. सुकन्या तेव्हा सहा वर्षांची. ह्याच खोलीत चांगुणाला कळा सुरू झाल्या, गाडी मिळायला उशीर झाला, आणि ती माझ्या मांडीवर गेली. बाळही गेलं. सुकन्यानं माझ्याकडं राहू का विचारलं तेव्हा मला तिचं पोट दिसत नव्हतं, चांगुणाचं दिसत होतं. माझ्या हातून परत तसं होईल ह्या भीतीनं मी पोरीला घराबाहेर ठेवली. भीती माझी होती आणि ऊस तिनं तोडला.

मग मी एक केलं. ते बोलणं जिथं यायचं होतं तिथं, गिरणीच्या ग्रुपवर, मीच टाकलं. टाकताना अंगठा अडत होता. खाली बटण दाबून बोलले, “बायांनो, आक्का बोलली ते खरं आहे. मी सुकन्याला आणायला चाललेय. दोन दिवस गिरणी बंद.” पंकजापासून सगळ्या जणी एरवी सेकंदात बोलतात. त्या दिवशी एसटी शेवगावात पोचेपर्यंत एकीचाही आवाज आला नाही. मग एक आला, कर्नाटकातून, कुणाचा ते सांगत नाही. “जा, सुरेखा. नीट आण तिला.” बास, तेवढाच.

नेवाशाच्या अलीकडं फाट्यावर उतरून फडात पोचले तेव्हा चार वाजले होते. मुकादम बांधावर होता, त्यानं नुसती मान हलवली. मनकर्णा वाकून ऊस तोडत होती. मला बघून सरळ झाली, कोयता हातातच.

“राग आला?” तिनं विचारलं.

“आला.”

“येऊ दे. चुकीच्या जागी बोलले, पन चुकीचं न्हाई बोलले.” मग म्हणाली, “तिची पिशवी भरून ठिवलीय. अजिनाथला आमच्या जोडीत घेतलाय, आमी तिघं मिळून वढू. तू हिची काळजी कर.” आणि परत वाकली. तिच्या हाताला पट्टी होती, सुकन्याच्या मोळ्या बांधून बांधून तळवा फुटला होता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, ती ओरडली असती.

मुकादमानं फाट्यापर्यंत ट्रॉलीत घेतलं, तिथून जीप ठरवली. सुकन्याला खिडकीजवळ बसवलं. तिचे पाय खरोखर भोपळ्यासारखे झाले होते, तिनं माझ्या चपला घातल्या होत्या आणि मी तिच्या. शेवगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. पदर चाळवत होती. मला वाटलं तिला माझा राग आलाय आणि तो आला असेल तर मी ऐकून घेणार होते.

शेवगाव सुटल्यावर ती म्हणाली, “मावशी, एक सांगू?”

“बोल.”

“दवाखान्यात मला सोडलं ना, की तू भाईर थांब. आत नको येऊस. मी करीन माझं माझं.” तिनं माझा हात धरला, तिचा हात उसाच्या पात्यानं कापलेला, खरखरीत. “आत आलीस की तुला आई आठवंल. मला माहीत हाय, मी इचारलं तवाच तू भ्याली व्हतीस. म्हनून तर मी तुला परत न्हाई इचारलं.”

त्या पोरीला सगळं ठाऊक होतं. मी पिठाचं सांगत होते तेव्हाही ठाऊक होतं, आणि ती बरं म्हणून उसाला निघून गेली होती.